लाल ठिपक्याची ताटली

"आई, ते ताट ठेवा खाली! ते तुमचं नाही!"

स्वयंपाकघराच्या दारातून उज्ज्वला इतक्या जोरात ओरडली की सरूबाईच्या हातातलं ताट निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं... बराच वेळ फिरत राहिलं. स्टीलचं साधंच ताट, पण त्याच्या काठावर नाव कोरलेलं होतं, गोरख. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या कारखान्यात कामाला लागली त्या पहिल्या दिवाळीला सरूबाईनं ते घेतलं होतं आणि दुकानदारापुढं उभं राहून नवऱ्याचं नाव कोरून घेतलं होतं. गोरख जाऊन अकरा वर्षं झाली. दुखणं येईपर्यंत ती एक दिवस दुसऱ्या ताटात जेवली नव्हती. आणि आज सून सांगत होती, ते तुमचं नाही!

उज्ज्वलानं ताट उचललं, मोरीत टाकलं, आणि साबणानं हात धुऊन एक पांढरी चिनी मातीची ताटली आणली. त्यात मुगाची मऊ खिचडी होती, वर चमचाभर तूप.

"तुमची ही ताटली, आई. खाली लाल ठिपका बघायचा. ठिपका आहे तेवढंच तुमचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. परवा सांगितलं, काल सांगितलं... विसरू नका ना!"

"न्हाई इसरत," सरूबाई म्हणाली.

"आणि खिचडी सगळी संपवा. अर्ध्या तासात संपली नाही तर टाकून द्या, मागाहून खाऊ नका. मला हॉटेलात दहाची पाळी आहे." घड्याळाकडं बघतच सून बाहेर गेली, जाताना दाराचा पडदा ओढून गेली.

सरूबाईनं ताटली हातावर तोलून धरली आणि खालून बघितलं. नखांना लावतात त्या रंगाचा एक लाल ठिपका होता. कपाच्या बुडाला तसाच, वाटीला तसाच, तांब्याच्या झाकणाला तसाच. कोपऱ्यातल्या एका फळीवर तिची ही सगळी भांडी पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवलेली असायची, घरातल्या इतर भांड्यांपासून चांगली हातभर लांब. एकटी... अगदी तिच्यासारखीच एकटी!

उन्हाळ्यात छातीत गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, आणि मग सोमाटणे फाट्याच्या पलीकडच्या मोठ्या इस्पितळात केमो सुरू झाली. सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. दोन झाले होते. दुसऱ्या डोसाच्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि पवनला, तिच्या मुलाला, स्पष्ट सांगितलं होतं, "या दोन डोसांमध्ये जेवढं पोटात जाईल, त्यावर पुढचा डोस उभा आहे. बेचाळीस किलोच्या खाली गेल्या तर तिसरा मला देता येणार नाही. औषध आमचं, पण ते सोसायची ताकद घरच्या जेवणातून यायची."

पण जेवायचं कसं? ज्या जिभेवर तिनं बावीस वर्षं भाकरी मिळवली ती जीभच मेली होती! कारखान्यात उकळत्या गुळाचा थेंब गार पाण्यात टाकून तो दाताखाली धरायचा आणि पाक झाला की नाही ते सांगायचं, हे काम सरूबाईचं. मालकाकडं काटा होता, तापमापक होतं, तरी तो म्हणायचा, सरूबाई हो म्हणाल्याशिवाय कढई उतरवू नका. त्या जिभेला आता गूळ कळत नव्हता, मीठ कळत नव्हतं. तोंडाला आतून फोड आले होते. आणि भात शिजल्याचा वास! कामशेतच्या बाजारातून आणलेल्या नव्या इंद्रायणीचा जो वास मावळातल्या माणसाला गल्लीच्या तोंडापासून घरी ओढून आणतो, त्याच वासानं तिच्या पोटात ढवळून यायचं.

हे सगळं तिनं सोसलं असतं. दुखणं तिला नवं नव्हतं. पण घर बदललं होतं, ते तिला सोसवेना.

पहिल्या डोसानंतर घरात चूल पेटायची थांबली. तिची दलियाची खिचडी, तिची नाचणीची पेज, तिची उकडलेली अंडी तेवढी गॅसवर व्हायची. बाकीचे तिघं, पवन, उज्ज्वला आणि नऊ वर्षांची नात चैताली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवायचे. पवन रेल्वेत, घाटातल्या रुळांवर चालत त्यांच्या चाव्या तपासणारा की-मन. दुपारी दमून यायचा, दारातूनच विचारायचा, "आई, खाल्लंस का?" आणि शेडकडं निघून जायचा. चैतालीला तर आजीच्या खोलीचा उंबराच बंद केला होता. एकदा पोरगी पडद्याखालून आत सरकली, तर उज्ज्वलानं तिला दंडाला धरून मागं खेचलं. "किती वेळा सांगितलं, आजीला शिवायचं नाही म्हणून!"

शिवायचं नाही!

तो शब्द सरूबाईच्या काळजात रुतला तो रुतलाच. दुपारी शेडमधून हसण्याचे आवाज यायचे. पवन माकडासारखा काहीतरी आवाज काढायचा, पोरगी खिदळायची. आणि इकडं सरूबाई स्टुलावरच्या पांढऱ्या ताटलीसमोर बसून असायची, भिंतीवरच्या तसबिरींकडं बघत. तोंडात घातलेला घास फिरत राहायचा... फिरत राहायचा... गिळायला कुणाचं तरी तोंड समोर लागतं, हे तिला सदुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

कप उचलला की तिला दुसरा एक कप दिसायचा.

सहा-सात वर्षांची असेल ती. बापाबरोबर बाजाराला गेली होती. रस्त्याकडेच्या एका हॉटेलाबाहेर, कुडाच्या मेढीला, एक कान तुटलेला कप उपडा टांगलेला असायचा. तो त्यांचा. त्यांच्यासारख्यांचा. बापानं तो काढला, धुतला, हॉटेलवाल्यानं वरून चहा ओतला. लहानग्या सरूला वाटलं, आतले कप किती छान, निळ्या फुलांचे! ती आत गेली आणि फळीवरचा एक कप तिनं उचलला... पुढं काय झालं ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. "बोलायचं न्हाई हे. कुनाला न्हाई." आणि सरूनं ते आयुष्यभर पाळलं. पवनलासुद्धा सांगितलं नाही. त्यानं मान वर करून चालावं, कुणाच्या घरात पाऊल ठेवताना त्याचा पाय अडखळू नये, म्हणून तो कडू घोट तिनं एकटीनं गिळून टाकला होता.

आणि आता तिच्याच घरात, तिच्याच माणसांनी, तिच्यासाठी वेगळा कप काढला होता! त्यावर खूणसुद्धा केली होती, चुकून कुणी तोंड लावू नये म्हणून!

ती भांडली नाही. रडली नाही. तिनं फक्त खाणं सोडलं. दोन घास तोंडात धरायची, बाकीचं मागच्या दाराशी येणाऱ्या एका तांबड्या कुत्रीपुढं ओतायची. रिकामी ताटली बघून उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. कुत्री गुबगुबीत झाली आणि सरूबाईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. मनात एकच विचार होता. तिसरा डोस नको. यांची सुटका होऊ दे. माझीही होऊ दे...

दुसऱ्या डोसानंतरच्या नवव्या दिवशी तिला अचानक हुशारी वाटली. मळमळ थांबली, तोंडातले फोड बसले. उज्ज्वला हॉटेलात गेली होती, पवन घाटात, पोरगी शाळेत. सरूबाईनं डोक्याला रुमाल बांधला, इस्पितळाचं हिरवं कार्ड सवयीनं बटव्यात टाकलं, शेजारणीला म्हणाली, "कामशेतला जाऊन येते," आणि पुण्याकडं जाणाऱ्या गाडीत बसली. मळवली गेलं, कामशेत आलं. फाट्यावरून जीप मिळाली. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसते बुडखे उभे होते. डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी दिसली आणि तिचे डोळे भरून आले.

तिथं चिंगी होती.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दोघी एका बांधावर भात लावायच्या आवणीला जायच्या. सरूच्या वस्तीतल्या बायकांची पाण्याची कळशी वेगळी असायची, त्या कळशीला इतर बाया हात लावत नसत. पहिल्याच दिवशी ही ठाकराची सडपातळ पोर चिखलातून ताडताड चालत आली, सरूची कळशी उचलली आणि घटाघटा प्यायली. सगळ्या बाया बघत राहिल्या. चिंगी तोंड पुसून म्हणाली, "काय बगताय? पानी हाय, रॉकेल न्हाई!" त्या दिवसापासून दोघी एका थाळीत जेवायच्या.

आता तीच चिंगी अंगणात कोंबड्यांना कोंडा घालत होती. तिनं वळून बघितलं, डोळ्यांवर हात धरला.

"कोन गं? सरू? आगं, केसं कुटं गेली तुजी?"

"इस्पितळात ठिवली."

"मंग बरं हाय, उवा न्हाई व्हनार." चिंगी हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. तिनं सरूबाईला मिठीत घेतलं. "हाडंच राह्यलीत की गं! सून खायाला घालीत न्हाई का काय?"

"घालती. लांबनं घालती."

 चिंगीनं नाचणीची भाकरी थापली, ताकात कुस्करली, कांदा बुक्कीनं फोडला, आणि एकच जर्मनची, हलक्या अॅल्युमिनियमची थाळी दोघींच्या मध्ये ठेवली. चिंगीला सर्दी झाली होती, मध्येच ती पदरानं नाक पुसायची आणि त्याच हातानं घास कालवायची. सरूबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की समोरचा हात आणि आपला हात एकाच थाळीत फिरतो आहे. चव अजून लागत नव्हती, पण घास गिळला जात होता! किती दिवसांनी... किती दिवसांनी तो आपोआप खाली उतरत होता! झऱ्याचं गार पाणी तिनं ओंजळीनं प्यायलं. मोबाइल तिनं बंद करून ठेवला होता.

दोन दिवस तिला वाटलं, आजार लोणावळ्यालाच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. तिन्ही गोधड्या अंगावर घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. थोड्याच वेळात अंग तव्यासारखं तापलं. चिंगीनं तिच्या बटव्यातलं हिरवं कार्ड काढलं, जीपवाल्याच्या तोंडापुढं नाचवलं आणि ओरडली, "हितं न्हे! ह्येच्यावर लिवलंय त्या इस्पितळात! आनि गचके बसू देऊ नगंस, माजी मैतरीन हाय ती, भाताची गोन न्हाई!"

सरूबाईला जाग आली तेव्हा हाताला सलाइन लावलेलं होतं आणि डॉक्टरीणबाई पवनशी बोलत होत्या. "डोसानंतर नवव्या-दहाव्या दिवशी माणसाला बरं वाटायला लागतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमक्या तेव्हाच सगळ्यात खाली गेलेल्या असतात. अंगात लढायला कुणी शिल्लक नसतं. आज आणल्या म्हणून... उद्या आणल्या असत्या तर सांगता आलं नसतं." मग त्यांनी कागद बघितला. "वजन एक्केचाळीस. तिसरा डोस आता पुढं ढकलावा लागेल. पुढं तरी देता येईल का, ते जेवणावर."

पवन तोंड फिरवून बाहेर गेला. आईसमोर डोळे पुसायची त्याला सवय नव्हती.

आणि उज्ज्वला आत आली. ती थेट हॉटेलातून आली होती. अंगात काळा कोट, केसांवर स्वयंपाकघरातली जाळीची टोपी तशीच. दोन दिवस तिनं आणि पवननं लोणावळा, कामशेत, वडगाव पालथं घातलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज फुटला तो रागाचा.

"काय खाल्लंत तिथं, आई?"

"भाकर. ताक."

"कच्चं काही?"

"कांदा."

"ताटली कुठली?"

"चिंगीची थाळी. येकीतच जेवलो दोगी."

"एका थाळीत!" उज्ज्वलानं कपाळावर हात मारून घेतला. "आणि पाणी? पाणी कुणाच्या हातचं प्यायलात? सांगा ना, आई! कुणाच्या हातचं पाणी प्यायलात तुम्ही?"

सरूबाई ताठ उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज घराच्या भिंतीपलीकडं गेला नव्हता, आज तो सगळ्या वॉर्डात घुमला.

"कुनाच्या हातचं? तू इचारतीस मला? आगं, माज्या बापाला इचारलं हे! माज्या आयला इचारलं! आमच्या हातचं कुनी पेत न्हवतं... आनि आज माजीच सून मला इचारती, कुनाच्या हातचं प्यायलीस? माजं ताट काढून घेतलंस. येगळी ताटली, येगळा कप, त्यावर खून केलीस! पोरीला म्हनालीस, शिवू नगंस! मला रोग हाय, मान्य. पन मी बाटलेली न्हाई गं! मी बाटलेली न्हाई!"

आणि मग, साठ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मेढीला टांगलेला कान तुटलेला कप. निळ्या फुलांचे कप. आत शिरलेली सात वर्षांची सरू. हॉटेलवाल्यानं तिच्या हातातला कप हिसकला आणि तिच्याच पायाशी फोडला. फुटकी खापरं तिच्याकडून एकेक करून वेचून घेतली. बापाला सगळ्या बाजारासमोर हात जोडायला लावले. "त्या दिसापास्नं माजा बाप मरूस्तवर भाईर च्या प्याला न्हाई... आनि मला रोज सकाळी तू त्योच कप आनून देतीस, उज्ज्वला. रोज सकाळी!"

 दाराशी चिंगी पदराचा बोळा तोंडावर दाबून उभी होती.

उज्ज्वला खाली बसली. खुर्ची बाजूला होती, तरी ती खाली फरशीवरच बसली.

"मला कुणी सांगितलंच नाही, आई..." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी पण आपल्याच वस्तीतली. माझ्या आजीनं पण असलं काहीतरी पाहिलं असेल, पण तिनंही सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी गिळून टाकलंत, आणि आम्हाला वाटलं, ते पुस्तकातलं आहे."

 मग तिनं सासूचा सलाइन नसलेला हात हळूच धरला.

"तुम्हीच म्हणाला होतात, स्टीलच्या ताटातलं लोखंड चाटल्यासारखं लागतं. म्हणून चिनी मातीची आणली. आमच्या हॉटेलात कच्चं कापायची फळी वेगळी, शिजलेलं कापायची वेगळी, प्रत्येकीला रंगाची खूण. एकाचे जंतू दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. तुमची भांडी मी रोज पहाटे वीस मिनिटं उकळते, आणि उकळलेली कुठली, साधी कुठली ते कळावं म्हणून ठिपका दिला. चैतालीच्या शाळेत अर्ध्या पोरांना खोकला आहे..." तिला हुंदका आला. "विटाळ तुमचा आम्हाला नाही हो, आई! आमचा तुम्हाला होईल, म्हणून मी सगळ्यांना लांब ठेवलं! घाण आमच्या हातांना होती!"

 सरूबाईनं सुनेच्या हाताकडं बघितलं. मनगटापासून बोटांपर्यंत उकळत्या पाण्याचे जुने-नवे चट्टे होते. रोज हा हात तिच्यापुढं ताटली ठेवत होता, आणि तिनं एकदाही तो बघितला नव्हता. ती फक्त ठिपका बघत राहिली होती!

"आनि शेडमदी? तुमी तिकडं हसत बसायचे..."

"भाताचा वास आला की तुम्ही ओकायला लागायचा. त्या दिवसापासून घरात भात शिजवला नाही आम्ही. शेडमध्ये पत्र्यावरून पाणी गळतं, चैताली रोज रडायची, आजीबरोबर जेवायचंय म्हणून. तिनं खावं म्हणून हे माकड व्हायचे."

माकड! सरूबाईनं डोळे मिटले. त्या हसण्याखाली एक लहान पोर तिच्यासाठी रडत होती, आणि तिला भिंतीपलीकडून ते ऐकू आलं नव्हतं.

"चुकलं माजं, पोरी," ती म्हणाली. "मी खिचडी कुत्रीला घातली. रोज घातली."

उज्ज्वलानं चमकून वर बघितलं. "तरीच ती तांबडी एवढी माजलीय!" ती रडता रडता म्हणाली, आणि मग दोघीही एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की नर्सला येऊन नळी सरळ करावी लागली.

चिंगी अजून दारातच होती. "म्या मारलं असतं गं तुला," ती पुटपुटली. "मायेनं मारलं असतं."

"तुज्यामुळंच गिळाया लागले, चिंगे," सरूबाई म्हणाली. "ये हितं."

"न्हाई बाबा. मला सर्दी हाय." आणि ती खरंच उंबऱ्याच्या आत आली नाही.

इस्पितळातून सुटल्यावर दुसऱ्या रविवारी, दुपारी, सरूबाईला बाहेरून हाक आली. पडदा काढून टाकलेला होता. बाहेरच्या खोलीत दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या आणि सतरंजी अंथरलेली होती. भात शेडमध्येच शिजवून, वाफ जाऊ देऊन, कोमट झाल्यावर आत आणला होता. वास होता, पण पुसटसा, लांबून ओळखीच्या माणसानं हात करावा तसा.

सतरंजीवर पाच पांढऱ्या ताटल्या मांडलेल्या होत्या. उज्ज्वलानं एकेक उलटी करून दाखवली. पवनच्या ताटलीला लाल ठिपका. उज्ज्वलाच्या ताटलीला लाल ठिपका. चैतालीच्या ताटलीला तर चार, कारण ठिपके तिनंच काढले होते, बाटली संपेपर्यंत. उरलेला रंग तिच्या नखांवर, कोपरावर आणि एका कानावर होता.

"आता घरातली सगळीच भांडी उकळतात, आई," उज्ज्वला म्हणाली. "सगळ्यांचं जेवणही एकच. पेज असेल तर सगळ्यांना पेज."

"मी पण पेजच," पवन तोंड वाकडं करत म्हणाला. "घाटात दोन मैल चालून पेज!"

"गप जेव," सरूबाई म्हणाली. 

पाचवी ताटली चिंगीची होती. ती कामशेतहून पिशवीभर अंडी घेऊन आली होती. दारातच तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, दोनदा, आणि वर विचारलं, "अंडी बी धुतलीत म्या. कोंबडी बी धुवायची का?" चैताली तोंडाला पांढरी पट्टी बांधून आजीसमोर बसली होती, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला. पण समोर! डोळ्यांनी हसत होती.

"आजी, कपाची गोष्ट सांग ना. आई म्हणाली, तू सांगशील."

सरूबाईनं पवनकडं बघितलं. त्याचा घास हातातच थांबला होता. तिला आईचा तोंडावर ठेवलेला हात आठवला... आणि तिनं तो आपल्या मनातूनच, हळूच, बाजूला केला.

"सांगते," ती म्हणाली. "जेवून झाल्यावर सगळी सांगते."

तिनं कालवलेल्या भाताचा घास घेतला. चव फारशी नव्हती. मऊ होता, गिळला. दुसरा घेतला. अंड्याचा तुकडा घेतला. चार डोस अजून बाकी होते, आणि त्यांच्या पलीकडं काय होतं ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. पण मंगळवारी वजनाच्या काट्यावर उभं राहायचं होतं, आणि आता तिला त्या काट्यावर जड व्हायचं होतं.

शेवटी उज्ज्वलानं तिच्या ताटलीत राजगिऱ्याची एक वडी ठेवली, गुळाची, घरी केलेली. सरूबाईनं ती दाताखाली धरली. जुन्या सवयीनं तशीच धरून ठेवली. सगळे तिच्याकडं बघू लागले. तिच्या कपाळाला हळूहळू आठी पडली.

"काय झालं, आई? नको वाटतंय का?"

"पाक एक कढ कच्चा राह्यलाय गं," सरूबाई म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग उज्ज्वलाचे डोळे मोठे झाले, तिनं दोन्ही हात तोंडावर नेले... आणि सरूबाईनं लाल ठिपक्याची ताटली तिच्यापुढं सरकवली.

"वाढ अजून."